कासवछाप चष्मे: रंग एक, माल तीन

चष्म्याच्या दुकानात ‘टॉर्टॉइज दाखवा’, म्हणजे कासवाच्या कवचासारख्या नक्षीच्या फ्रेम दाखवा, म्हटलं की काउंटरवर दोन-तीन ट्रे येतात. मधाळ पिवळ्यावर तपकिरी-काळे डाग, ओघळ, ढग. हातभर अंतरावरून सगळ्या फ्रेम सारख्याच. किमती मात्र एकीची ९०० रुपये, दुसरीची २,८०० आणि तिसरीची १४,०००. विचारलं तर ‘मटेरियलचा फरक आहे साहेब’ एवढंच उत्तर मिळतं. फरक मटेरियलचाच आहे, त्यात खोटं काही नाही. पण त्यातल्या कुठल्या भागासाठी पैसे मोजायचे आणि कुठला भाग नुसता लेबलचा आहे, हे कोणी उलगडून सांगत नाही. म्हणून हा रिव्ह्यू एका कंपनीच्या एका मॉडेलचा नाही. ‘टॉर्टॉइज’ किंवा ‘शेल’ या नावाखाली जे जे विकलं जातं त्या सगळ्याचा आहे. मुख्यतः चष्म्यांचा, आणि शेवटी थोडा क्लचर, गिटारचं पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) आणि जुन्या बाजारातल्या कंगव्यांचा.

निकाल आधीच सांगून टाकतो. रोजच्या वापरासाठी मधल्या किमतीची, शीटमधून कापलेली अ‍ॅसिटेट (कापूस-लाकडापासून बनणारं प्लॅस्टिक) फ्रेम घ्या. खेळायला, लहान मुलांना, हेल्मेटखाली घालायला टीआर-९० (लवचीक नायलॉन) घ्या, पण त्यावरच्या छापील नक्षीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. १० हजारांच्या वरची फ्रेम घेताना पैसे बिजागरी, पॉलिश आणि आकाराचे जातात, रंगाचे नाही, हे धरून चला. आणि खऱ्या कासवाच्या कवचाची वस्तू कोणी ‘अँटिक आहे’ म्हणून देऊ केली तर हात जोडा. ती घेणं गुन्हा आहे.

ऑनलाइन शोधताना एक अडचण येते. नुसतं ‘टॉर्टॉइजशेल’ टाकलं तर निम्म्या निकालांत काळ्या-केशरी मांजरी येतात, थोडी फुलपाखरं येतात. त्याच रंगसंगतीवरून त्यांनाही तेच नाव पडलंय. चष्म्याच्या धंद्यात या रंगाला ‘हवाना’, ‘डेमी अंबर’, ‘डेमी ब्राऊन’ म्हणतात. गडद असेल तर ‘डार्क हवाना’, फिकट असेल तर ‘ब्लॉन्ड’. हे शब्द टाकून शोधलं की थेट फ्रेम समोर येतात. आपल्याकडचे जुने चष्मेवाले प्लॅस्टिकच्या कुठल्याही जाड फ्रेमला सरसकट ‘शेल फ्रेम’ म्हणतात, त्यामुळे दुकानात ‘शेल’ मागितली तर काळी कुळकुळीत फ्रेमही पुढ्यात येऊ शकते.

माल पहिला: छापील

सर्वांत स्वस्त प्रकारात फ्रेम साच्यात ओतून बनवतात. माल पॉलिकार्बोनेट असतो, नाहीतर टीआर-९०. टीआर-९० हा नायलॉनचा एक पारदर्शक प्रकार आहे. मूळ नाव एका स्विस कंपनीच्या मालाचं, आता ते सगळ्याच लवचीक फ्रेमना सर्रास लावलं जातं. फ्रेम आधी एकरंगी निघते आणि कासवाची नक्षी तिच्यावर नंतर चढवतात, फवारून किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या फिल्मने, आणि वरून लॅकरचा, म्हणजे वार्निशसारखा, थर देतात. वजन १० ते १५ ग्रॅम. पडली तरी तुटत नाही, वाकवली तरी सरळ होते.

यात काय बिघडतं? माल बिघडत नाही, लॅकर बिघडतं. कानामागे आणि नाकाजवळ, जिथे घाम आणि त्वचेचं तेल रोज लागतं, तिथे थर उठतो. आधी एक फोड दिसतो, मग पापुद्रा, मग खालचा मूळ तपकिरी किंवा पिवळा रंग उघडा पडतो. याला दुरुस्ती नाही, कारण पॉलिश करायला गेलं तर उरलेली नक्षीही निघते. दुसरी अडचण अशी की टीआर-९० गरम करून नीट वळत नाही. ती आठवण धरून असते. कानामागची वळणं बदलली तरी थोड्या दिवसांत मूळ आकाराकडे सरकते. म्हणून ती घेताना आहे तशीच नीट बसली पाहिजे. ‘नंतर अ‍ॅडजस्ट करून देतो’ हे वाक्य या मालाला लागू नाही.

माल दुसरा आणि तिसरा: अ‍ॅसिटेट

सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा मूळ कच्चा माल म्हणजे कापसाचे आखूड तंतू किंवा लाकडाचा लगदा. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून पावडर बनते, तिला नरम ठेवायला प्लास्टिसायझर घालतात. पारंपरिक मालात तो डायइथाइल थॅलेट असतो, नव्या ‘बायो’ म्हणवणाऱ्या मालात वनस्पतीपासूनचा. ‘बायो अ‍ॅसिटेट’चा अर्थ तेवढाच. फ्रेम घरच्या कुंडीत टाकून खत होईल असं कोणी सुचवत असेल तर विश्वास ठेवू नका.

या पावडरपासून शीट दोन रीतींनी बनते, आणि टॉर्टॉइजच्या बाबतीत खरा फरक इथे पडतो.

एका रीतीत गरम माल यंत्रातून दाबून लांब पट्टीसारखा बाहेर काढतात. दोन-तीन रंग एकाच वेळी सोडले की पट्टीत तपकिरी ओघळ उमटतात. काम झटपट होतं, शीट स्वस्त पडते. पण ओघळ सगळे यंत्राच्या दिशेने लांबट जातात. फ्रेम हातात घेऊन आडवी धरा: डाग एकाच दिशेला ओढल्यासारखे, थोड्या-थोड्या अंतरावर तसेच पुन्हा येणारे दिसले, तर ती एक्स्ट्रुडेड शीट.

दुसरी रीत ब्लॉकची. इथे माल द्रावकात मळून कणकेसारखा करतात, गाळतात, रोलरवर रंगवून लाटतात आणि त्याचे तुकडे करतात. मधाळ पारदर्शक तुकड्यांत तपकिरी आणि काळपट तुकडे मिसळून साच्यात रचतात, मग उष्णता आणि दाब देऊन त्याचा एकसंध ठोकळा करतात. कोथिंबीरवडीचा उंडा कापावा तसा हा ठोकळा कापून त्याच्या शीट काढतात. त्यामुळे डाग वरच्या पृष्ठभागावर बसलेले नसतात. जाडीतून आरपार जातात, काही खोलवर बुडालेले, काही वर आलेले. शीटमधला द्रावक पूर्ण उडावा म्हणून ती कित्येक आठवडे सुकवावी लागते. इथे घाई केली तर त्याची किंमत ग्राहक मोजतो. अर्धवट सुकलेल्या शीटची फ्रेम काही महिन्यांनी किंचित आकसते, काचांवर ताण येतो किंवा काड्या वेड्यावाकड्या होतात.

ब्लॉक शीटच्या दोन फ्रेम कधीच तंतोतंत सारख्या नसतात. एकाच फ्रेमची डावी-उजवी बाजूही वेगळी असते. ऑनलाइन मागवताना हे लक्षात ठेवा: फोटोतली फ्रेम येणार नाही, तिची बहीण येईल. डाव्या भुवईजवळ मोठा काळा डाग आणि उजवीकडे सगळं पिवळं, असंही येऊ शकतं. तो दोष धरता येत नाही, पण आवडलं नाही तर परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. दुकानात असाल तर त्याच मॉडेलचे तीन-चार नग मागून घ्या आणि चेहऱ्याला शोभेल तो निवडा. ही मुभा काळ्या फ्रेमला नसते.

अ‍ॅसिटेट शीटच्या जगात इटलीतल्या कास्तिल्योने ओलोना गावच्या मात्सुकेल्ली कंपनीचं नाव सतत कानावर येतं. १८४९ पासूनची ही कंपनी, सुरुवात कंगवे आणि बटणांपासून. जपानमध्ये हाच मान फुकुई प्रांतातल्या साबाए गावाकडे जातो. तिथे चष्म्याच्या फ्रेमचा धंदा १९०५ मध्ये सुरू झाला आणि जपानी फ्रेमचा बहुतांश माल आजही त्याच भागात बनतो. पण काडीच्या आत ‘इटालियन डिझाइन’ छापलेलं असणं आणि शीट इटालियन असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘हँडमेड अ‍ॅसिटेट’ याचाही अर्थ इतकाच की फ्रेम साच्यात ओतलेली नाही, शीटमधून कापलेली आहे. कापायचं काम संगणकावर चालणारं सीएनसी यंत्रच करतं. हाताचं काम त्यानंतर येतं: कड गोल करणं, नाकाची जागा घासणं, पॉलिश. मधल्या टप्प्यात फ्रेम लाकडाचे तुकडे आणि प्युमिस (घासायची दगडी भुकटी) भरलेल्या पिंपात कित्येक दिवस फिरत असतात. चांगली कड कुठे ओळखायची? काचेच्या खाचेच्या तोंडाशी आणि काडी जिथे मिटते तिथे. स्वस्त फ्रेमला याच दोन जागी धार लागते.

काउंटरवर दोन मिनिटांत काय बघायचं

फ्रेम दुकानाच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली बघू नका, दाराशी न्या. उन्हात धरली की अ‍ॅसिटेटमधला पिवळा भाग उजळतो आणि तपकिरी डागांना खोली दिसते. छापील फ्रेममध्ये उजेड आरपार जातो पण डाग वरच राहतो, सपाट.

मग डेमोची (फ्रेममध्ये आधीपासून असलेली बिननंबरी) काच काढायला सांगा, कोणताही चष्मेवाला ती अर्ध्या मिनिटात काढून देतो. काच गेली की रिमच्या आतली खाच उघडी पडते. सगळी पोल इथे खुलते. अ‍ॅसिटेट असेल तर बाहेरचा डाग खाचेच्या भिंतीवरही दिसेल, त्याच जागी, त्याच रंगाचा, जणू कुणी तो चाकूने कापलाय. छापील असेल तर खाच एकरंगी. तिसरी शक्यताही असते: पुढून कासव, मागून सरसकट काळं किंवा पारदर्शक. ती दोन शीट चिकटवून केलेली लॅमिनेट. लॅमिनेट वाईट नसते, पण मागे काळा थर असेल तर उजेड आत येत नाही आणि पिवळा भाग चेहऱ्यावर मेणचट, मेलेला दिसतो. या नक्षीत आम्ही मागे पारदर्शक किंवा फिकट थर असलेलीच निवडू.

काडीच्या आत, पारदर्शक भागातून, धातूची तार दिसते. ती गरम काडीत दाबून बसवलेली असते आणि तिच्यामुळेच काडी वळवल्यावर वळण टिकतं. तार काडीच्या मध्यातून सरळ गेलेली हवी. एका बाजूला सरकलेली असेल तर वळवताना त्या बाजूचं अ‍ॅसिटेट पातळ पडतं आणि पुढेमागे तिथेच तडा जातो. फिकट रंगात हे उघड दिसतं, डार्क हवानामध्ये झाकलं जातं. म्हणून गडद फ्रेम उजेडासमोर धरूनच बघावी.

बिजागरी मोजा. तीन दातांची म्हणजे हलकी, पाच दातांची रोजच्या वापराला पुरेशी, सात दातांची जाड काडीला शोभणारी आणि टिकाऊ. काडी अर्धी उघडून फ्रेम उभी धरा. काडी आपणहून लोंबकळली नाही तर घट्टपणा बरोबर आहे. स्प्रिंगची बिजागरी दुकानात मऊ आणि भारी वाटते, पण स्प्रिंग गेली की बहुतेक वेळा ती दुरुस्त होत नाही, अख्खी काडी बदलावी लागते आणि त्याच डागांची काडी पुन्हा मिळत नाही. साधी बिजागरी असेल तर स्क्रू बदलला की झालं. पुढच्या बाजूला दिसणारे रिव्हेटचे दोन ठिपके खरे की नुसते शोभेचे, हे मागून कळतं: आत बिजागरीच्या पट्टीवर त्याच जागी पिना दिसल्या तर खरे.

शेवटी काड्या उघडून फ्रेम काचेच्या काउंटरवर उलटी ठेवा. रिमच्या वरच्या कडा आणि दोन्ही काड्या टेकायला हव्यात. एक काडी अधांतरी राहिली तर ती गरम करून सरळ होईल, पण नव्या फ्रेमला तशी गरज पडणं हेच शीट घाईत सुकवल्याचं किंवा निष्काळजी पॅकिंगचं लक्षण.

नाक, नंबर आणि काच

काडीच्या आत ५०-१८-१४५ असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी, सगळं मि.मी.मध्ये. अ‍ॅसिटेटला नाकाचे पॅड फ्रेममध्येच घडवलेले असतात, धातूच्या फ्रेमसारखे हलवता येत नाहीत. युरोपातली मॉडेल उंच नाकाच्या हिशेबाने केलेली असतात. आपल्याकडच्या बऱ्याच नाकांवर ती खाली घसरतात, गालाला टेकतात आणि हसलं की वर उचलली जातात. उपाय तीन. ‘लो ब्रिज’ किंवा ‘एशियन फिट’ मॉडेल मागा. नाहीतर सिलिकॉनचे चिकटपट्टीचे पॅड लावून घ्या. स्वस्त काम, पण पट्टी घामाने सुटते आणि पॅड परत परत बदलावे लागतात. तिसरा उपाय जुने पॅड घासून काढून तिथे जाड अ‍ॅसिटेट पॅड किंवा धातूचे हलणारे पॅड बसवून घेणं. हे काम सगळे करत नाहीत, पण जो करतो त्याचा पत्ता जपून ठेवावा.

मोठ्या उणे नंबरवाल्यांना ही फ्रेम फार कामाची, कारण जाड रिम काचेची जाड कड झाकते. हिशेब असा: नंबर उणे ६, इंडेक्स १.६० (इंडेक्स जितका जास्त तितकी काच पातळ), काचेची मधली जाडी १.२ मि.मी. धरली, तर मध्यबिंदूपासून २५ मि.मी. अंतरावर कड साधारण ४.३ मि.मी. जाड होते. अंतर २७ मि.मी. केलं तर ४.८ च्या पुढे जाते, २३ केलं तर ३.९ च्या आत येते. म्हणजे मोठी चौकोनी फ्रेम घेऊन वर १.७४ इंडेक्सच्या काचेचे पैसे भरण्यापेक्षा दोन-चार मि.मी. अरुंद फ्रेम घेतलेली परवडते. डोळ्यांमधलं अंतर आणि फ्रेमच्या दोन काचांच्या केंद्रांमधलं अंतर जेवढं सारखं होईल तेवढी बाहेरची कड पातळ. पुढची बाजू ४ ते ६ मि.मी. जाड असेल तर वरच्या उदाहरणातली कड जवळपास झाकून जाते.

अधिक (प्लस) नंबरवाल्यांसाठी मात्र उलटं आहे. काच मध्ये जाड, त्यात फ्रेम स्वतः २५ ते ३५ ग्रॅमची. सगळा भार नाकावर. त्यांनी लहान गोल आकार आणि पातळ शीटच बघावी.

काच बसवताना रिम गरम हवेने मऊ करून काच पुढून सारतात. साधारण ५५ ते ६५ अंशांना अ‍ॅसिटेट वळण्याइतकं मऊ होतं. जास्त तापवलं तर पृष्ठभागावर बुडबुडे येतात आणि ते कायमचे. लायटरवर तापवणारा कारागीर दिसला की चष्मा परत घ्या. काच किंचित मोठी कापली तर रिम ताणून बसते, आणि मग कोपऱ्यात बिजागरीच्या वर रिम बाहेर फुगलेली दिसते. चष्मा घरी नेण्याआधी नेमकं तिथेच बघावं. लहान कापली तर काच बोटाने फिरते. गोल फ्रेममध्ये सिलिंडर नंबर (जो ठरावीक कोनातच बसवावा लागतो) असेल तर काच फिरली म्हणजे अक्ष चुकला आणि डोकेदुखी सुरू.

पॉलिकार्बोनेटच्या काचा आणि पारंपरिक अ‍ॅसिटेट यांचं फारसं जमत नाही. अ‍ॅसिटेटमधला थॅलेट हळूहळू बाहेर येतो आणि काचेच्या कडेला केसासारखे बारीक तडे पाडू शकतो, विशेषतः काच दाबून बसवली असेल तर. लहान मुलासाठी पॉलिकार्बोनेट काच हवीच असेल तर थॅलेट नसलेल्या शीटची फ्रेम मागा, नाहीतर सरळ टीआर-९० घ्या. सीआर-३९ (नेहमीच्या प्लॅस्टिकच्या) किंवा १.६० इंडेक्सच्या काचांना अशी अडचण येत नाही.

पांढरी झाक, वाकडी काडी आणि बाकीचे आजार

अ‍ॅसिटेट पाणी शोषतं. घाम, सनस्क्रीन, केसांचं तेल आणि मुंबई-कोकणची दमट हवा यांत वर्ष-दोन वर्षं काढली की कानामागे पांढरट, कोरडी झाक येते. आतला प्लास्टिसायझर पृष्ठभागावर येतो, वरचं पॉलिश झिजतं, त्यात साबण-तेलाचा थर बसतो. कासवाच्या रंगावर ती काळ्यापेक्षा कमी दिसते, पण पिवळा भाग गढूळ होतो. उपाय आहे: बफिंग चाकावर पॉलिश करून घेणं. वरचा अगदी पातळ थर जातो आणि फ्रेम नव्यासारखी होते. छापलेला लोगो आणि आकडे मात्र जाऊ शकतात, म्हणून आकड्यांचा फोटो आधी काढून ठेवा. छापील फ्रेमला हेच केलं तर काय होतं ते वर सांगितलंच आहे.

धुवायला कोमट पाणी आणि भांड्यांच्या सौम्य लिक्विडचा एक थेंब. पाणी गरम नको, अंगाचा साबणही नको. त्याचा थर बसतो. नाकाच्या पॅडच्या कडेला आणि बिजागरीत मऊ ब्रश फिरवा, मग लगेच सुती कापडाने कोरडी करा. सॅनिटायझर आणि अल्कोहोलचे वाइप्स फ्रेमला लावू नका, चकाकी जाते. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन तर अ‍ॅसिटेट विरघळवतं. एक थेंब पडला तरी बोटाचा ठसा कायमचा उमटतो. याच गुणामुळे तडा गेलेली काडी अ‍ॅसिटोनने सांधता येते: दोन्ही कडा ओलावून, दाबून, रात्रभर बांधून ठेवायच्या. काडीच्या टोकाला असा सांधा टिकतो. नाकावरच्या ब्रिजला टिकत नाही, तिथे ताण रोजचा असतो, फ्रेमच बदलावी लागते.

मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवणं म्हणजे तो स्वतःच्या हाताने भट्टीत घालणं. अ‍ॅसिटेट मऊ व्हायला लागणारं तापमान तिथे सहज गाठलं जातं. काड्या बाहेर पसरतात, रिम सैल पडून काच निसटते. बाहेर पसरलेल्या काड्या पुन्हा वळवता येतात, पण गरम वाळूच्या किंवा काचमण्यांच्या हीटरवर, हळूहळू. थंड फ्रेम हाताने वाकवली तर बिजागरीजवळ पांढरी रेघ उमटते, आणि ती रेघ म्हणजे तड्याची सुरुवात.

किमतींचं गणित ढोबळच सांगता येईल. छापील फ्रेमला हजार-बाराशेच्या वर देऊ नये. एक्स्ट्रुडेड अ‍ॅसिटेट दीड-दोन हजारांत बरी मिळते. ब्लॉक शीट, पाच दातांची बिजागरी आणि नीट पॉलिश हे तिन्ही अडीच ते चार हजारांत मिळायला हवं. त्याच्या पुढे पैसे देताना वरच्या सगळ्या तपासण्या दुप्पट कडक करा.

क्लचर, पिक आणि कंगवा

केसांच्या क्लचरमध्ये हीच गंमत छोट्या आकारात आहे. ५०-१०० रुपयांचा साच्यातला क्लचर आणि पाच-सहाशेचा कापीव अ‍ॅसिटेटचा. दात बघा: साच्यातल्याला दाताच्या मधोमध जोडरेघ असते आणि त्यात केस अडकतात, कापीवचे दात पॉलिश केलेले, गोल. दाट केसांना अ‍ॅसिटेट वसूल आहे. पण ओल्या केसांत रोज घातला तर आधी गंजते ती स्प्रिंग. दात शाबूत असूनही क्लचर फेकावा लागतो. केस वाळवून घाला किंवा स्टेनलेस स्प्रिंगचा बघा.

गिटारवाल्यांसाठी टॉर्टॉइज पिक म्हणजे आता सेल्युलॉइड. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं हे मिश्रण १८७० च्या आसपास अमेरिकेत बाजारात आलं आणि कासवाच्या कवचाची नक्कल करायला तेव्हापासून वापरात आहे. साधारण ०.५ मि.मी. थिन, ०.७ मीडियम, १ च्या जवळ हेवी. कॉर्ड वाजवायला थिन, एकेक स्वर काढायला हेवी. आवाज गोड आहे, कड मात्र लवकर झिजते, पण स्वस्त आहे म्हणून तक्रार नाही. फक्त आगीपासून दूर ठेवा, सेल्युलॉइड भडकन पेटतं. साठच्या दशकातल्या इलेक्ट्रिक गिटारवरचे मूळ सेल्युलॉइडचे पिकगार्ड (पिकचे ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेले पत्रे) आज आकसलेले, स्क्रूच्या भोकांपाशी तडकलेले दिसतात ते याच मालामुळे. नवे पिकगार्ड बहुधा पीव्हीसीचे असतात, ते आकसत नाहीत आणि दिसायलाही किंचित सपाट असतात.

आता खरं कवच. ते हॉक्सबिल या समुद्री कासवाच्या पाठीवरच्या, एकमेकांवर कौलांसारख्या चढलेल्या शल्कांपासून काढत. हे केराटिन, आपल्या नखांचाच पदार्थ. पाणी, उष्णता आणि दाबाने दोन तुकडे गोंदाशिवाय एकजीव होतात, आणि म्हणूनच जुने कारागीर त्यातून जाड फ्रेम घडवू शकत. जपानमध्ये नागासाकीत ही कला ‘बेक्को’ नावाने चालली. आंतरराष्ट्रीय व्यापार १९७७ पासून साइट्स कराराने (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा करार) बंद आहे. जपानने आपला अपवाद काही वर्षं टिकवून ठेवला होता, १९९२ अखेर त्याचीही आयात थांबली. भारतात हॉक्सबिल अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपकडे आढळतं आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. खरेदी-विक्रीला किमान तीन वर्षांची कैद. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले. त्यालाही तेच संरक्षण आहे, पण या धंद्याचं कासव ते नव्हे.

जुन्या बाजारात कंगवा, डबी, चष्म्याची फ्रेम दाखवून ‘ओरिजिनल’ म्हणणारे भेटतात. बहुतेक वेळा ते सेल्युलॉइड असतं. दहापट भिंगाखाली बघितलं तर खऱ्या कवचात डागाची कड बारीक बारीक ठिपक्यांनी बनलेली दिसते. प्लॅस्टिकमध्ये रंग सलग ओघळतो. तापलेल्या सुईची चाचणी पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते: जळक्या केसांचा वास आला तर कवच, कापराचा आला तर सेल्युलॉइड. ती करू नका. सेल्युलॉइडला सुई लावली तर वास यायच्या आधी ज्वाळा येते. घरात आजीच्या पेटीत असा कंगवा निघाला आणि तो खरा निघाला, तर विकायला किंवा परदेशातल्या नातेवाइकाला पाठवायला जाऊ नका; आधी वनविभागाकडे विचारा. परदेशी फिरायला गेल्यावर बेटांवरच्या दुकानांतून अशा बांगड्या-कानातली सहज पुढे केली जातात. त्या आणल्या तर विमानतळावर कस्टम्स जप्त करतात, आणि ‘दुकानदाराने पावती दिली होती’ हे उत्तर तिथे चालत नाही.